शेवटच्या फेरीचं पाणी

४ सप्टेंबर, गुरुवार

आज झालं ते, क्रमानं:

१. दुशान्बेची गाडी सकाळी खुजंदला पोचली. उशीर झाला नाही.
२. सानोबार-खाला थांब्यावर आल्या होत्या. त्यांनी माझी बॅग घेतली. मी परत घेतली. त्यांनी पुन्हा घेतली. बॅग शेवटी त्यांच्याकडेच राहिली.
३. खोली पाहिली. खिडकी अंगणात उघडते. वर द्राक्षांचा मांडव आहे.
४. लाँड्रीची किल्ली मिळाली. सहा मशीनं, चार ड्रायर. सगळं चालू आहे. चार नंबरचं बेअरिंग झिजलं आहे. पिळायला लागलं की दर फेऱ्याला एक ठोका देतं.
५. इस्फंदियार-अकांना पोचल्याचं कळवलं.

ही खोली मला अकांमुळे मिळाली. अका म्हणजे माझे थोरले भाऊ. ते रशियात, सुरगुतला, इमारतींच्या कामावर आहेत. सानोबार-खालांचा मुलगा नुसरत त्यांच्याच खोलीत राहतो. दोन मजली खाट आहे. वर नुसरत, खाली अका. दोघांचं असं ठरलं की ह्याच्या बहिणीला त्याच्या आईनं ठेवून घ्यायचं. आम्हाला कुणी विचारलं नाही, पण काही बिघडलं नाही.

घरात खाला, नुसरतची बायको गुलरू आणि त्यांची दीड वर्षांची शहलो. जेवताना खाला म्हणाल्या, तू यंत्रांचं शिकलेली ना, मग आमच्या सुनेच्या डोक्यातला एक स्क्रू ढिला आहे तेवढा घट्ट करून दे. गुलरूनं ताटावरून मान वर न करता सांगितलं की आधी सासूचा आवाज कमी करायचं बटण शोध, स्क्रू आपोआप बसेल. शहलो माझ्या चमच्यातून जेवली. माझी परवानगी तिनंही घेतली नाही.

मी आनंदात आहे. हे लिहून ठेवते, कारण बोलून दाखवायची मला सवय नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

लाँड्री नऊमजली इमारतीच्या तळमजल्यावर आहे. मागे मोहल्ल्याचा जुना कालवा. लोकांनी यायचं, स्वतः कपडे टाकायचे, टोकन घालायचं, काचेसमोर बसायचं. माझं काम मशीनं चालती ठेवणं. मालक दुशान्बेत असतो आणि फक्त फोनवर बोलतो.

वसतिगृहातली मुलं येतात, ट्रकवाले येतात. मोहल्ल्यातल्या बायका सुरुवातीला फक्त बघायला आल्या. एक म्हणाली, कपडे मशीन धुणार आणि बाईनं नुसतं बसून बघायचं, ह्याला काय अर्थ आहे? सानोबार-खाला तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, त्यात नवीन काय, नवऱ्याकडे आपण अशाच बघत बसतो, आणि तो तर धुतसुद्धा नाही. त्या दिवसापासून बायका गोधड्यांच्या खोळी घेऊन येऊ लागल्या.

दारावर पाटी लावली: आत खरबूज खाऊ नये. बिया पंपात जातात. कुणी पाळत नाही. पंप उघडला की मला मूठभर बिया मिळतात.

१८ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी पाण्याचा दाब पडतो. वरच्या मजल्यांवर नळ सुटले की माझी मशीनं भरता भरत नाहीत. मालकाला उपाय सांगितला, त्यानं लगेच होकार दिला.

उपाय साधा आहे. मशीन साबणाचं पाणी सोडून देतं, मग दोनदा खंगाळतं. शेवटच्या फेरीचं पाणी जवळपास स्वच्छ असतं, आणि तेही गटारात जातं. ते मी मागच्या खोलीत एका मोठ्या निळ्या टाकीत घेतलं. टाकीतून पंपानं ते पुढच्या धुण्याच्या पहिल्या पाण्याला जातं. एकाचं शेवटचं, ते दुसऱ्याचं पहिलं. खाली एक व्हॉल्व्ह आहे. तो उघडला की टाकी मागच्या कालव्यात रिकामी होते. गरज पडणार नाही.

आज पहिला दिवस. दुपारीही सहाच्या सहा मशीनं फिरली. संस्थेत शिकताना हे कागदावर काढलं होतं, तेव्हा मास्तरांनी लाल शाईनं लिहिलं होतं, 'चालेल, पण कोण बसवणार?'

२८ सप्टेंबर, रविवार

अकांचा फोन रविवारी दुपारी येतो. आज सकाळीच आला. नुसरत पहाटे बांधकामाच्या परांचीवरून पडला. सातव्या मजल्यावरून. दवाखान्यात न्यायची वेळच आली नाही.

अका म्हणाले, खालांना तू सांग, माझ्याच्यानं होणार नाही. मी हो म्हणाले. लाँड्रीला कुलूप लावलं.

खाला अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. मी वाक्य जुळवत आत आले. आत येताना बूट काढायचे राहिले. खालांनी माझ्या बुटांकडे पाहिलं आणि हातातली परात हळूच खाली ठेवली. मला काही बोलावं लागलं नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पेटी आज आली, आजच दफन झालं. गुलरूला पेटी उघडून हवी होती. उघडली नाही. घरात चूल पेटत नाही, जेवण शेजारून येतं. बायका दुखवट्याच्या निळ्या कपड्यांत आहेत. मलाही खालांनी एक निळा झगा दिला.

पेटीबरोबर नुसरतची बॅग आली. अकांनी भरून दिली आहे. त्यांना स्वतःला येता आलं नाही. कागदपत्रं ठेकेदाराकडे आहेत.

५ ऑक्टोबर, रविवार

तिसरा दिवस, म्हणजे कपडे धुण्याचा. गेलेल्याचे सगळे कपडे बायकांनी एकत्र वाहत्या पाण्यात धुवायचे, एकही मागे ठेवायचा नाही. पाणी त्याला घेऊन जातं, असं म्हणतात. आमच्या गावी हे नदीवर होतं. इथं कालव्यावर होतं, पण यंदा डागडुजीसाठी कालवा कोरडा ठेवला आहे, आणि नदी लांब. म्हाताऱ्यांना बांध उतरवत नाही.

मोहल्ल्यात मयताचे विधी सांगणारी एक म्हातारी आहे, तिला सगळे बीबी-खलीफा म्हणतात. तिनं मला बोलावून विचारलं, 'पोरी, तुझ्या मशीनमधलं पाणी वाहतं का?'

मी म्हणाले, 'हो. एका बाजूनं येतं, दुसऱ्या बाजूनं जातं.'

प्रश्न मशीनचा होता. मी मशीनचं उत्तर दिलं.

दुपारी त्या सगळ्या आल्या. मी बाकीची मशीनं बंद ठेवली. चार नंबरचं दार गुलरूच्या हाताच्या उंचीला सोयीचं, म्हणून तेच निवडलं. तिनं बॅग उघडली आणि एकेक कपडा आत सोडला. लग्नातला अंगरखा घरून आणला होता, तोही. बॅग उलटी करून झटकली. काचेचं दार लागलं. बायका काचेसमोर उभ्या राहिल्या आणि शेवटपर्यंत कुणी बसलं नाही. पिळताना ठोका सुरू झाला तेव्हा खालांनी डोळे मिटले.

वाळल्यावर कपडे रिवाजाप्रमाणे मयताला अंघोळ घालणाऱ्यांना देऊन टाकले.

टाकी भरली होती.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दोन तक्रारी.

एक: कपड्यांना वास येतो. वसतिगृहातला मुलगा म्हणाला, धुवायच्या आधी बरे होते. मी हुंगून पाहिलं. ओलं सिमेंट, आणि स्वस्त तंबाखू. गाळणी साफ केली, टाकी वरून पाहिली. पाणी नितळ आहे.

दुसरी त्याचीच. त्याचे शर्ट बटणं लागलेले बाहेर आले. गळ्याचं आणि मनगटांचंही. तो शपथेवर सांगतो की उघडे टाकले होते.

याशिवाय भाराचा आकडा. मशीन कपडे तोलतं आणि तेवढंच पाणी घेतं. मुलाचे दोन शर्ट आणि टॉवेल होता. मशीननं दुलईइतकं वजन दाखवलं. ड्रम रिकामा करून काटा शून्यावर आणायला गेले, तर रिकाम्या ड्रमचंच वजन दाखवत होतं. खाली बसवलेला तोलकाटा सरकला असेल. नवा मागवला आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

गुलरू शहलोचे कपडे घेऊन आली. घरात अजून कुणी धुणं काढत नाही. झाल्यावर तिनं एक छोटा झगा नाकाशी धरला आणि तिथंच जमिनीवर बसली.

मी पाणी आणून दिलं. ती म्हणाली, 'मावजूदा, हा त्याचा वास आहे.' मी म्हणाले की सिमेंटचा आहे, शेजारी बांधकाम चालू आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं, लहान मुलाच्या बोलण्याकडे पाहतात तसं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

गुलरू काल आली. आज आली. स्वच्छ कपडे आणते, चार नंबरमध्ये टाकते, काचेसमोर बसते. आज सानोबार-खाला तिला शोधत आल्या आणि रागावल्या: घरात मूल टाकून इथं काय करतेस, मशीनशी निकाह लावलास का? गुलरूनं एक ओला फडका त्यांच्या हातात दिला.

खाला तिच्या शेजारी बसल्या. लाँड्री बंद करेपर्यंत दोघी तिथंच होत्या. मी काउंटरमागे राहिले. त्यांच्याकडे पाठ करून पंप खोलला. पंपात काही नव्हतं.

वासाची मी आता नोंद करणार नाही. तो आहे, एवढं पुरे.

१९ ऑक्टोबर, रविवार

अकांचा फोन. आवाज बसला आहे. म्हणाले, काही नाही गं, अंगातली ओल जात नाही. कपडे हीटरवर टाकले तरी वाळत नाहीत. अंथरूण सकाळी पिळून काढावं लागतं. खोलीतले त्यांना छप्पर गळतंय म्हणून चिडवतात, पण वर नुसरतची रिकामी खाट आहे, ती कोरडी आहे. डॉक्टरनं तपासलं, ताप नाही.

मग आठवल्यासारखं म्हणाले की त्यांचा चौकड्यांचा शर्ट सापडत नाही. नुसरत तो सारखा घालायचा. बॅग भरताना त्याच्या कपड्यांबरोबर गेला असणार. असेल तर पाठवून दे.

तो शर्ट मी ओळखते. कॉलर झिजली तेव्हा आईनं ती उसवून उलटी करून शिवली होती.

मी हो म्हणाले. मी नेहमी हो म्हणते.

त्या दिवशी बॅग झटकून सगळं आत टाकलं होतं. एकही मागे ठेवायचा नाही म्हणून.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

शर्ट मिळाला. मयताला अंघोळ घालणाऱ्या बुऱ्होन-बाबांच्या वाट्याला आला होता. त्यांनी तो एकदाही घातला नाही. अंगणातल्या तारेवर होता, आणि त्याच्या कोपऱ्यांतून पाणी ठिबकत होतं. बाबा म्हणाले, घेऊन जा पोरी, सोळा दिवस ऊन खातोय, माझी बायको ह्या तारेखालून जात नाही.

मी तो पिळला. पाणी निघालं. पुन्हा पिळला. पुन्हा तेवढंच निघालं.

तिथून बीबी-खलीफाकडे गेले. विचारलं की जिवंत माणसाचा कपडा त्या धुण्यात गेला तर काय होतं. ती हसली, म्हणाली, असं कोण करेल, आपापल्या माणसाचे कपडे बाई अंधारातही ओळखते. मी म्हणाले, बॅग रशियातून आली होती, पुरुषानं भरली होती. मग ती हसली नाही.

तिनं विचारलं, पाणी कुठं गेलं. मी टाकीचं सांगितलं. सगळं सांगितलं: एकाचं शेवटचं, ते दुसऱ्याचं पहिलं.

तिनं आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाली, 'तू त्याला जाऊ दिलं नाहीस. आता त्याच्याबरोबर सगळे थांबलेत.'

उपाय तिनं असा सांगितला. टाकी वाहत्या पाण्यात सोडायची. त्या दिवशीच्या धुण्यात ज्यांचे कपडे होते ते जातील, नंतर ज्यांना नुसती त्या पाण्याची ओल लागली ते सुटतील. जिवंताला मागे ठेवायचं असेल तर त्याचा कपडा त्याच्याच अंगावर वाळला पाहिजे. पाणी सोडण्याआधी. नाहीतर तोही गेला.

मी विचारलं, आणि पाणी सोडलंच नाही तर?

ती म्हणाली, घरी जा आणि त्या पोरीची बोटं बघ.

२२ ऑक्टोबर, बुधवार

शहलोची बोटं सुरकुतलेली आहेत. फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी, पांढरी. तळवेही. गुलरू म्हणते, काल अंघोळ घातली. खोकल्याबरोबर तिच्या तोंडातून फेस येतो. त्याला साबणाचा वास आहे.

लाँड्री बंद केली. मालकाला सांगितलं की तोलकाटा बिघडला आहे.

शहलोचे सगळे कपडे बदलून शेजाऱ्यांचे घातले. तासाभरात तेही ओले.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

शर्ट पाठवला. बुऱ्होन-बाबांचा पुतण्या आजच्या विमानानं सुरगुतला गेला. प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत बांधून दिला. वर लिहिलं: मिळताच अंगात घाला, वाळेपर्यंत काढू नका, कारण नंतर सांगते. फोनवर हेच सांगायचं होतं. लागत नाही.

शहलोला काल दवाखान्यात नेलं. छातीत पाणी आहे म्हणतात. काढलं. सकाळी पुन्हा तेवढंच.

गुलरूला टाकीचं सांगितलं. तिनं माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, नको. इतकीच विनवणी, पुन्हा पुन्हा. मी शहलोचं नाव घेतलं तेव्हा ती ओरडली, पहिल्यांदाच: 'तुला सोपं आहे. तुझं कोण आहे त्या पाण्यात?'



२६ ऑक्टोबर, रविवार

फोन आला नाही. आवाजी संदेश आला, अकांच्या नंबरवरून. लांबलचक. त्यात ते मला मावजू म्हणतात, लहानपणी म्हणायचे तसं. गार आहे म्हणतात. अंधार नाही, पण सगळं गोल आहे. मग बोलणं नाही, नुसता आवाज, पाण्याचा. आणि त्यामागे—

मी पाच वेळा ऐकला. मला मशीनांचे आवाज कळतात, तेवढं एकच मला कळतं.

दर फेऱ्याला एक ठोका. झिजलेलं बेअरिंग.

संदेश सुरगुतहून आला आहे. मशीन इथं आहे. मी त्याची वीज बुधवारीच तोडली.

२७ ऑक्टोबर, सोमवार

चार नंबरचा आकडा वीज नसताना दिसतो. रिकामा ड्रम. सकाळी एका माणसाइतका होता. आता फक्त 'जास्त भार' म्हणतो.

दार उघडलं. आत काही नाही. ड्रमच्या आतून हात फिरवला. कोमट. कुणी नुकतंच उठून गेल्यावर गादी असते तसा—

बुऱ्होन-बाबांच्या पुतण्याचा फोन. अका खोलीवर नव्हते. शर्ट चौकीदाराकडे दिला. चौकीदार म्हणतो, खाटेवर ठेवला. खाट ओलीचिंब आहे. इस्फंदियार कामावर आला नाही, पण बूट खाटेखालीच आहेत.

बूट खाली आहेत. म्हणजे बाहेर गेले नाहीत. म्हणजे—

२८ ऑक्टोबर, मंगळवार

कालव्यात पाणी सोडलं आज. डागडुजी संपली. मागच्या खोलीतून ऐकू येतं.

सानोबार-खाला आल्या. दवाखान्यातून सरळ. चार नंबरसमोर उभ्या राहिल्या, काचेवर कपाळ टेकवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'सोड ते पाणी. मुलगा मी पुरला आहे. नात नाही पुरणार.'

मला वाटलं होतं, हे मीच त्यांना समजावत बसेन.

मग मी सांगितलं. शर्टाचं. अकांचं. कुणाला सांगितलं नव्हतं. खालांनी माझं डोकं छातीशी धरलं. त्यांचा झगा ओला होता. माझं डोकं किती जड झालं होतं, ते मला तेव्हा कळलं.

त्या म्हणाल्या, शुक्रवारी दुपारच्या नमाजापर्यंत थांबते, पोरी. त्यापुढं शहलोला थांबता येणार नाही.

गुलरू दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. तिच्या हातात आज कपडे नव्हते. ती आत आली, काचेला नुसता हात लावला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, 'मला माहीत नव्हतं, तुझंही कुणी आहे.'

२९ ऑक्टोबर, बुधवार

फोन नाही. टाकी काठोकाठ. मी भरलेली नाही.

ठोका— थांबत नाही. माझ्या मनगटातही—

हे पान फाडून उद्याच्या विमानानं जाणाऱ्याबरोबर पाठवते. चौकीदारानं ते खाटेवर ठेवावं, शर्टाजवळ.

अका,
शर्ट तुमच्या खाटेवर आहे. कुठंही असाल, परत या आणि तो अंगात घाला. गार लागेल. सोसा. तुमच्या अंगावर वाळू द्या.

इथं एक लहान मूल आहे. तुम्ही नुसरतच्या फोनवर तिला बघून हात हलवायचात, म्हणाला होतात. मला व्हॉल्व्ह उघडावा लागेल. तुम्ही असता तर तुम्हीही हेच सांगितलं असतं, आणि म्हणूनच मला तुम्हाला विचारता येत नाही.

आईला अजून काही सांगितलेलं नाही.

फार लिहायची गरज नाही. वाळला, एवढा एकच शब्द कळवा. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून चालेल. मी टाकीपाशीच बसले आहे, हात व्हॉल्व्हवर आहे, तो ओला आहे, माझा की—

कृपा करून शुक्रवार, ३१ ऑक्टोबर, दुपारच्या नमाजापर्यंत उत्तर द्या. त्यानंतर मी—